धवळेश्वरम ते अंतर्वेदी: गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात एक दिवस

राजमंड्रीच्या खाली, धवळेश्वरमला, गोदावरी फुटते. डाव्या हाताला गौतमी, उजव्या हाताला वसिष्ठा. पुढे वसिष्ठेतून वैनतेय निघते, आणि अशा फाट्याफाट्यांनी नदी बंगालच्या उपसागराला मिळते. गौतमी आणि वसिष्ठा यांच्या मधल्या जमिनीला कोनसीमा म्हणतात. नकाशात ती हिरव्या त्रिकोणासारखी दिसते आणि फोटोंत नुसते नारळ दिसतात. आम्ही तिथे नारळ बघायला गेलो नव्हतो.

माझा भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. द्राक्षं, कांदा, थोडा ऊस. त्याचं पाणी गोदावरीच्या कालव्याचं. आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला पाणी किती दिवस मिळणार, या हिशोबात त्याचं अख्खं आयुष्य गेलं. नदी जिथे संपते तिथले शेतकरी हाच हिशोब कसा करतात, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. मला समुद्रसंगम बघायचा होता. शिर्डीहून काकिनाड्याला जाणारी गाडी राजमंड्रीला थांबते, आणि परतायला वसिष्ठेच्या काठावरच्या नरसापूरहून थेट नगरसूलला येणारी गाडी आहे. नगरसूल म्हणजे येवला तालुका, घरच. येताना त्रिकोणाच्या टोकाला उतरायचं आणि जाताना त्याच्या पायथ्यातून निघायचं, अशी सोय रेल्वेनेच करून ठेवली आहे. मधला शंभरेक किलोमीटरचा पट्टा दिवसाभरात वाटाड्या घेऊन करायचा ठरलं.

वाटाड्या मिळाला तो निवृत्त शिक्षक. शाळेत भूगोल शिकवायचे. वाटेत जो भेटेल तो त्यांना "मास्टारू" म्हणत होता, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. आदल्या संध्याकाळी फोनवर त्यांनी हिंदीत स्पष्ट सांगितलं, "देवळं आणि नारळ बघायचे असतील तर गाडीवाला पुरे, तो सगळीकडे नेईल. पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं असेल, तर मी येतो." दादाने लगेच हो म्हटलं. हा दिवस वाया गेला नाही तो या एका अटीमुळे. त्रिभुज प्रदेश इतका सपाट असतो की नुसत्या नजरेला काहीच कळत नाही. रस्ता, शेत, पाट, नदी, सगळं एकाच पातळीवर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात हात-दोन हातांच्या उंचसखलावर तिथली माणसं जगतात. ते दाखवणारा माणूस लागतोच.

सकाळी धवळेश्वरमच्या बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यावर, गेलो. जानेवारीचा शेवटचा आठवडा, धुकं विरत होतं. बेटं धरून नदीचं पात्र इथे जवळपास सहा किलोमीटर रुंद आहे. रामकुंडावर उभं राहून पलीकडच्या माणसाला हाक मारता येते. इथे पलीकडचा काठ दिसायलाही सूर्य वर यावा लागला. दादा कठड्याला टेकून बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "हे आपलंच पाणी का गं?"

"तुमचं थोडं," मास्टारूंनी उत्तर दिलं. "बाकी प्राणहिता, इंद्रावती, शबरी यांचं." खरं आहे ते. त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत नदी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहते, पण तिचं मोठं पाणी विदर्भातून, बस्तरमधून येणाऱ्या उपनद्यांचं आहे. आमच्याकडचं बरंचसं पाणी आम्हीच अडवलेलं असतं.

बॅरेजला १७५ दरवाजे आहेत, चार तुकड्यांत, मधे बेटं. ही आताची बांधणी १९७०च्या दशकात सुरू होऊन पुढच्या दशकाच्या सुरुवातीला पुरी झाली. त्याआधी इथे दगडी बंधारा होता. सर आर्थर कॉटन या इंग्रज लष्करी अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात तो बांधला. कॉटनचा अश्वारूढ पुतळा जवळच आहे, संग्रहालयही आहे. आणि फक्त इथेच नाही, कोनसीमेत गावोगावी चौकांत कॉटनचे पुतळे दिसतात, गळ्यात ताजे हार असलेले. इंग्रज अधिकाऱ्याला हार घालणारं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. मास्टारूंनी त्यामागचं कारण सांगितलं. १८३३च्या सुमारास या भागात भयंकर दुष्काळ पडला. नदी डोळ्यांसमोरून वाहत होती आणि माणसं भुकेने मरत होती, कारण पाणी खाली आणि शेत वर. त्यानंतर १८३९च्या नोव्हेंबरमध्ये कोरिंगा बंदरावर वादळ आलं, समुद्राची प्रचंड लाट आत घुसली आणि बंदर कायमचं बसलं. अशा उजाड मुलखात बंधारा झाला. पाणी काही फूट उंचावलं, तेवढ्याने ते पाटांत शिरलं आणि जमीन भिजली. आज या बॅरेजवर दहा लाख एकरांच्या आसपास शेती भिजते.

"काही फूट," हे शब्द दादाने उचलले. आमच्याकडे धरण म्हणजे डोंगरातली भिंत आणि मागे अथांग साठा. इथे साठा जवळजवळ नाहीच. नदीची पातळी थोडी वर धरून ठेवायची आणि बाजूच्या पाटांत वळवायची. सगळी कारागिरी उतार सांभाळण्यात आहे.

बॅरेजजवळ पुराची पातळी मोजतात. ११.७५ फुटांना पहिला इशारा, १३.७५ला दुसरा, १७.७५ला तिसरा. मास्टारूंनी हे आकडे पाढ्यासारखे म्हटले आणि ड्रायव्हरनेही मागोमाग म्हटले. इथल्या प्रत्येकाला ते पाठ आहेत. नाशिकला पूर दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागला की छातीला, यावरून जुनी माणसं बोलतात. इथे फुटांत बोलतात, एवढाच फरक. १९८६च्या ऑगस्टमध्ये इथून पस्तीस लाख क्युसेकहून जास्त पाणी गेलं. दादाने मनातल्या मनात गंगापूर धरणाच्या विसर्गाशी ताडून बघितलं असावं. तो काही बोलला नाही.

बॅरेजवरच्या रस्त्याने बोब्बरलंकेला आलो. मधल्या डेल्टाचा मुख्य कालवा इथून निघतो. नदीतल्या आणि काठावरच्या अशा बेटांवर कितीतरी गावं आहेत, नावात लंका असलेली. पुरात त्यांच्यापर्यंत होडीनेच जावं लागतं. केळी, भाजीपाला, तंबाखू तिथल्या गाळात जोमाने येतात. पूर ओसरला की पुन्हा नांगर.

पुढे लोल्लाचं लॉक. तिथे आम्ही अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ थांबलो आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. कालव्याची पातळी जिथे उतरते तिथे हे बांधकाम आहे. कॉटनने कालवे नुसते पाण्यासाठी केले नव्हते, वाहतुकीसाठीही केले होते. तांदळाने भरलेल्या नावा यातून जायच्या. पण नाव पायरी कशी उतरणार? म्हणून कालव्यात दोन दरवाजांमधे एक हौद. नाव हौदात घ्यायची, वरचा दरवाजा लावायचा, हौदातलं पाणी खालच्या पातळीपर्यंत सोडायचं, मग खालचा दरवाजा उघडायचा. नाव अलगद खाली. गोदावरीचे हे कालवे पुढे कृष्णेच्या कालव्यांना आणि बकिंगहॅम कालव्याला जोडलेले होते, त्यामुळे काकिनाड्यापासून मद्रासच्याही पलीकडे पाँडिचेरीपर्यंत पाण्यावरून माल जात असे. आगगाड्या आल्या, रस्ते झाले, नावा बंद पडल्या. लॉक राहिलं. तेलुगू सिनेमावाल्यांची ही आवडती जागा आहे, आणि आलेले बाकीचे पाहुणे फोटो काढून निघून जात होते. मास्टारूंनी आम्हाला काठावर उभं केलं आणि विचारलं, "पाट उंच की शेत?"

दादाने क्षणात सांगितलं, "पाट."

"आणि शेताचं पाणी?"

इथे तो थांबला. मास्टारूंनी शेताच्या पलीकडे बोट दाखवलं. झाडीच्या मागे दुसरा एक चर होता, पाटापेक्षा बराच खोल, पाणी गढूळ. त्याला तिथे ड्रेन म्हणतात. पाट पाणी आणतो, ड्रेन पाणी नेतो. नदीने वर्षानुवर्षं गाळ टाकून काठ उंच केलेले असतात आणि आतली जमीन खोलगट राहते. म्हणून पाट काठाच्या उंचवट्यावरून काढतात आणि ड्रेन सगळ्यात सखल रेषेवरून समुद्राकडे. "पाट सगळे दाखवतात," मास्टारू म्हणाले, "मी आज तुम्हाला ड्रेन दाखवणार आहे." तिथून पुढे दिवसभर आम्ही दोन्ही बाजूंना बघत गेलो. एकदा कळल्यावर ते न दिसणं अशक्य होतं.

दाळव्याची, म्हणजे रब्बीच्या भाताची, लावणी बऱ्याच ठिकाणी उरकली होती. खरिपाच्या भाताला इथे सार्वा म्हणतात. खाचरांतून पाणी चमकत होतं. बांधावर नारळ, नारळाखाली केळी, कुठे कोकोची झाडं. दोन-दोन भातं काढणारा मुलूख, हेवा वाटावा असा. पण याच कोनसीमेतल्या शेतकऱ्यांनी २०११च्या खरिपात भात लावलाच नाही. शेत पडीक ठेवलं, ठरवून. खर्च वाढलेला, भाताला भाव नाही, मजूर मिळेनात, आणि ड्रेन तुंबल्यामुळे उभं पीक पाण्यात कुजायचं. क्रॉप हॉलिडे असं नाव त्याला वर्तमानपत्रांनी दिलं. आमच्याकडे पाणी नाही म्हणून शेत पडीक राहतं. पण पाणी निघत नाही म्हणून पडीक राहिलेलं शेतही दादाला नवीन नव्हतं. निफाडकडे उसाखाली जमिनी चोपण, म्हणजे खारवून कडक, झाल्या आहेत, तिथेही रोग निचऱ्याचाच आहे. तो आणि मास्टारू गाडीत चर किती खोल असावा यावर बोलत राहिले. दोघांचं हिंदी तोडकंमोडकं, पण विषय दोघांनाही पाठ.

आत्रेयपुरमला पूतरेकुलू बघितले. एका घराच्या पडवीत चुलीवर मातीचं गोल बुडाचं भांडं पालथं ठेवलेलं, खाली नारळाच्या सुक्या झावळ्यांचा जाळ. तांदळाचं अगदी पातळ पीठ, त्यात फडकं बुडवायचं आणि तापलेल्या बुडावरून एकदाच फिरवायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कागदाहून पातळ पापुद्रा सुटतो. आमच्या नाशिक-खानदेशाकडे खापरावर मांडे करतात तसंच हे पालथं भांडं, फक्त मांड्याला बाईच्या दोन्ही हातांवर पसरायचं कसब लागतं आणि इथे सगळं कसब त्या एका फटकाऱ्यात. मग त्या पापुद्र्यांत साजूक तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ घालून घडी. २०२३ साली या मिठाईला भौगोलिक मानांकन मिळालं. करणाऱ्या बाईंनी माझ्या हातात फडकं दिलं, आणि मी फिरवलेल्या पापुद्र्याला भोक पडलं तरी तो कौतुकाने माझ्याच हातावर ठेवला.

रावुलपालेमचा केळ्यांचा बाजार, अंबाजीपेटचे नारळाचे आणि काथ्याचे ढीग, हे गाडीतूनच बघितलं.

गन्नावरमला मात्र उतरलो. इथे वसिष्ठेतून वैनतेय फुटते आणि पलीकडे राजोलूचा भाग सुरू होतो, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला. नदीपलीकडच्या शेतांना कालव्याचं पाणी द्यायचं तर कालव्याने नदी ओलांडायला हवी. म्हणून इथे नदीवरून कालवा नेला आहे: खालून वैनतेय, वरून पाट. पहिला जलसेतू कॉटनच्या बंधाऱ्याच्याच काळातला, १८५०च्या दशकातला. आता नवा आहे. त्याला डोक्का सीतम्मा यांचं नाव दिलं आहे. एकोणिसाव्या शतकात या गन्नावरममध्ये राहणाऱ्या सीतम्मांनी दारी आलेल्या कुणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. नद्या ओलांडून थकून आलेला वाटसरू, पुरात अडकलेली माणसं, जात-धर्म न विचारता सगळ्यांना जेवण. १९०९ साली त्या गेल्या. आंध्रात शाळेतल्या मध्यान्ह भोजनाला २०२४पासून त्यांचं नाव आहे. नवऱ्याच्या घरची सगळी शेतीवाडी या अन्नदानात खपली असं लोक सांगतात. ज्या पाण्याने पलीकडचं भात पिकतं त्या पाण्याच्या पुलाला त्यांचं नाव असणं मला फार योग्य वाटलं.

पुलावर उभं राहून मास्टारूंनी पुन्हा तोच प्रश्न केला. पाणी कुठे चाललंय? वरचं पाणी संथ, एकाच दिशेने. खालच्या वैनतेयेचं पाणी मात्र जवळजवळ थबकलेलं. समुद्राची ओढ इथपर्यंत लागते, ते म्हणाले. उन्हाळ्यात नदीला वरून पाणी कमी आलं की खारं पाणी फाट्यांतून आत चढतं. तेव्हा हा वरचा पाटच काय तो गोडा.

पुढे पासर्लपुडी लागलं. १९९५च्या जानेवारीत इथे वायूच्या विहिरीचा स्फोट झाला आणि दोन महिन्यांहून जास्त काळ ज्वाळा उठत होत्या. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात जमिनीखाली आणि समुद्राखाली नैसर्गिक वायू आहे. नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या थरांखाली तो साचलेला. वाटेत नारळांच्या मधे मधे पिवळ्या नळ्या आणि कुंपणं दिसतात ती त्याची. मास्टारू त्या वेळी जवळच्याच शाळेत होते. रात्री अंगणात दिवा लागत नसे एवढा उजेड होता, आणि त्यातच वार्षिक परीक्षांची तयारी चालली होती, असं त्यांनी सांगितलं. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

दिंडीला दुपारी होडी घेतली. वसिष्ठेचं पात्र इथे विस्तीर्ण, दोन्ही काठांना नारळांची रांग. इथल्या मुक्कामाच्या मोठ्या हाउसबोटी प्रसिद्ध आहेत. आम्ही छोटी घेतली, काठाकाठाने जाणारी. दादा माळकरी. त्याच्यासाठी पप्पू, म्हणजे डाळ, गोंगुराची चटणी, ताक. मी मात्र चेपल पुलुसू, चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण, मागवलं. पुलसाचे दिवस नव्हते. पुलसा म्हणजे हिलसा. पावसाळ्यात लाल पाणी समुद्रात गेलं की त्याच्या वासावर हा मासा नदीत उलटा चढतो आणि थेट धवळेश्वरमपर्यंत जातो. पुढे बॅरेज. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी म्हण आहे इथे. होडीवाल्याने ती सांगितली आणि लगेच जोडलं की आता मासा इतका कमी मिळतो की खरंच विकावं लागेल.

काठाच्या आतल्या बाजूला भातखाचरं संपून कोळंबीचे तलाव सुरू झाले होते. पाण्यावर चाकं फिरत होती, हवा मिसळणारी. भातापेक्षा पैसा कितीतरी जास्त, म्हणून एकाने तलाव केला की शेजारच्याच्या शेतात खार झिरपतो, मग त्यालाही तलाव करावा लागतो. यात कोण चूक? मला ठरवता आलं नाही. दादाला आला राग, पण तोही तलाववाल्यांचा नव्हता. "शेजारचा बांध फुटला की आपणही तेच करतो," एवढंच म्हणाला.

तिथून मलिकिपुरमकडून समुद्राच्या बाजूला गेलो. मास्टारूंनी सकाळी कबूल केलेला ड्रेन इथे होता. शंकरगुप्तमचा. या जागेबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण कुठल्याही सहलीच्या पत्रकात ती नसते.

रस्ता सोडून बांधावरून चालत गेलो. आजूबाजूला नारळ, पण त्यांना शेंडे नव्हते. नुसते खांब, शेकड्यांनी. काहींना दोन-चार पिवळ्या झावळ्या लोंबत होत्या. नारळाला समुद्राची हवा चालते, थोडा खारही चालतो. मुळाशी खारं पाणी साचून राहिलं तर मात्र मुळं कुजतात आणि झाड वरून मरत येतं. ड्रेन हा शेतातलं पाणी समुद्राला नेण्यासाठी आहे. पण जमीन इतकी सखल आणि ड्रेनचं तोंड असं, की भरतीला समुद्रच उलटा ड्रेनमधून आत येतो आणि ओहोटीला पुरता बाहेर जात नाही. नेणारा रस्ता आणणारा झाला. आम्ही गेलो तेव्हा भरती लागत होती. ड्रेनमधलं पाणी समुद्राकडून गावाकडे चाललेलं आम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलं, त्यावर तरंगणारी जलपर्णी उलट्या दिशेने येत होती.

मास्टारूंनी या वेळी प्रश्न विचारला नाही.

तिथे एक म्हातारे शेतकरी होते. दादाने मास्टारूंमार्फत विचारलं, झाडं किती वर्षांची. वडिलांनी लावलेली, ते म्हणाले. त्यातली बरीचशी १९९६च्या नोव्हेंबरमधल्या वादळात मुळासकट गेली होती. त्या वादळाने कोनसीमेत हजाराहून जास्त माणसं नेली आणि नारळांची तर गणतीच नाही. त्यानंतर यांनी नव्याने लावली, ती फळाला येऊन स्थिरावली, आणि आता ही अशी. वादळ एका रात्रीत येऊन जातं, हे दर भरतीला थोडं थोडं येतं. दादाने त्यांना विचारलं, ड्रेनच्या तोंडाशी दार नाही का बसवत? तोंड खोल करा, दार बसवा, हे आम्हीही मागतोय, त्यांनी सांगितलं. दादा त्यांच्याजवळ बांधावर बसून राहिला. त्याला उठवायला मला दोनदा हाक मारावी लागली.

अंतर्वेदीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लक्ष्मी-नरसिंहाचं मोठं देऊळ आहे, माघातल्या शुद्ध दशमीच्या रात्री इथे देवाचं लग्न लागतं आणि भीष्म एकादशीला रथ निघतो. त्याच्या तयारीसाठी मांडव घालणं चाललं होतं. दर्शन घेतलं आणि संगमाकडे चालत गेलो. वसिष्ठा जिथे समुद्राला मिळते त्या जागेला इथे भावाबहिणीचा बांध म्हणतात. एका बाजूला नदीचं मातकट पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं निळसर. वाळूत काळे पट्टे होते. मी मूठभर उचलली, जड, चकाकणारी.

मास्टारू इथे पुन्हा भूगोलाचे शिक्षक झाले. ही काळी वाळू काही पूर्व घाटातल्या खडकांची, काही दख्खनच्या काळ्या दगडाची. गोदावरीने आणलेल्या गाळात तुमच्याकडच्या काळ्या मातीचा मोठा वाटा आहे, त्यांनी सांगितलं. ही सगळी कोनसीमा, आज दिवसभर ज्यावरून आलो ती, नदीने समुद्रात टाकलेल्या गाळाची आहे. हजारो वर्षं नदी जमीन पुढे ढकलत होती आणि समुद्र ती मागे ओढत होता. नदी जिंकत होती, म्हणून इथे गावं झाली. आता उलटं चाललं आहे. मोजमापं सांगतात की १९७०च्या दशकात नदी वर्षाला सरासरी पंधरा कोटी टन गाळ समुद्राकडे आणत होती. १९९०च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. बाकीचा वरच्या धरणांमागे बसला. अंतर्वेदीच्या किनाऱ्यावरची घरं आणि माडं समुद्राने घेतली आहेत, त्यांचे चौथरे लाटांत दिसतात.

जायकवाडी १९७६ साली पुरं झालं. मला ते एकदम आठवलं, आणि दादालाही, कारण त्याने माझ्याकडे बघितलं. आमच्या लेखी गाळ म्हणजे धरणाला लागलेला आजार. आमच्याकडे २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी सरकारी योजना आहे. ट्रॅक्टर लावून तलावातला गाळ उपसायचा आणि शेतात पसरायचा. दादाने स्वतः तो शेतात टाकला आहे आणि द्राक्षांना त्याचा फायदा झाला. ते त्याने मास्टारूंना सांगितलं. मास्टारू म्हणाले, "चांगलं केलंत. तुमच्या शेतात तरी आहे, वाया नाही गेला." त्यांनी ते मनापासून म्हटलं, आणि त्यामुळेच ऐकवेना.

नदी म्हणजे पाणी, आणि पाणी कोणाच्या वाट्याला किती, यावर मराठवाडा आणि नाशिक-नगर यांच्यात दर उन्हाळ्यात भांडण होतं. त्या भांडणात मीही बाजू घेतली आहे. पण गाळाची बाजू घेणारं त्यात कधीच कोणी नव्हतं. खालच्या टोकाला शेवटचं गाव समुद्रात जात असताना त्याला पाण्याइतकीच मातीही हवी असते, ही गोष्ट कुठल्याही पाणीवाटपाच्या कागदात नाही. ती इथे येऊन, वाळू हातात घेऊन कळते.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. जुलै ते सप्टेंबर पूर असतो, होड्या बंद राहू शकतात. पुलसासाठी जायचं तर तेव्हाच जावं लागतं, पण मग लंका गावांकडे जाता येईलच असं नाही. नोव्हेंबर वादळांचा महिना. संक्रांतीनंतर महिना-दीड महिना सगळ्यात चांगला. एका दिवसात देवळं, होडी आणि कालवे तिन्ही होत नाहीत. आम्ही द्राक्षारामम, यानम, कोरिंगाचं कांदळवन, सगळं सोडलं. वाटाड्या स्थानिक घ्या, शक्यतो शेती असलेला. आणि त्याला सांगा, पाटाबरोबर ड्रेनही दाखव.

संध्याकाळी सखिनेटिपल्लीच्या घाटावर आलो. इथून नरसापूरला पंटूने जायचं, म्हणजे माणसं, सायकली, मोटारसायकली सगळं एकत्र घेऊन वसिष्ठा ओलांडणारी सपाट बोट. आमची गाडी इथूनच परत फिरणार होती. मास्टारू मात्र आमच्याबरोबर पलीकडे आले, नरसापूरला त्यांची लेक राहते. पंटूवर दादाने त्यांना विचारलं, नाशिकला कधी येणार? गुरू सिंह राशीत गेला की आमच्याकडे सिंहस्थ आणि यांच्याकडे गोदावरी पुष्करम, दोन्ही एकाच योगावर येतात. मागचं दोन्हीकडचं २०१५ला झालं, पुढचं २०२७ला. मास्टारूंना ते ठाऊक होतं. "पुष्करमला मला इथेच थांबावं लागेल, घरी पाहुणे येतात," ते म्हणाले. "त्याआधी येतो. त्र्यंबक बघायचं आहे."

"त्र्यंबक नंतर," दादा म्हणाला. "आधी नांदूर मध्यमेश्वरला चला. बंधाऱ्यामागे गाळ किती बसलाय ते दाखवतो, आणि दरवाजे कसे उघडतात तेही." मास्टारूंनी खिशातून छोटी वही काढली, नांदूर मध्यमेश्वर हे नाव तेलुगूत लिहून घेतलं, आणि बंधारा कोणत्या साली बांधला ते विचारलं. दादाला १९०७ ते १९१३ हा काळ माहीत होता. मग बंधाऱ्याची उंची, कालवे किती, उजवा किती लांब, डावा किती लांब, असं पलीकडचा काठ लागेपर्यंत चाललं होतं.